वाढवली

"बंद म्हनू नगं पोरी. वास्तू तथास्तु म्हनत असती. वाढवली म्हन."

सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली, पण दिवेलागणीला समईची वात सारताना त्यांचा हा आवाज शकुबाईंच्या कानाशी हटकून येई. नवी नवरी असताना त्यांनी एकदा उंबऱ्यातून हाक दिली होती, गिरणी बंद करा आणि जेवायला या. तेव्हा सासूबाईंनी पिठाच्याच हाताने सुनेचं तोंड दाबलं होतं. मेंढरं विकून त्यांनी जळोचीत पिठाची गिरणी घातली होती. पिढ्यान्‌पिढ्या रानोमाळ फिरलेलं घर त्या एका चक्कीपाशी येऊन स्थिरावलं होतं. तिला 'बंद' कसं म्हणायचं? गिरणी वाढवायची. दिवा शांत करायचा. बांगडी पिचली तर तीही वाढवली म्हणायची. मोडण्याचं आणि विझण्याचं नाव घराच्या कानावर पडू द्यायचं नाही. शकुबाईंनी तो नेम देवपूजेसारखा पाळला. रोज संध्याकाळी मोटारीचा आवाज उतरत गेला की हिंदुराव पुढच्या खोलीतून म्हणायचे, "वाढवली गं," आणि त्या पहिली भाकरी तव्यावर टाकायच्या.

आज पुढची खोली गप्प होती. घरघर चालली होती ती आतल्या खोलीत. हिंदुरावांच्या खाटेच्या गजाला एक डबा अडकवलेला होता. डब्याला एक बरणी होती आणि तिच्यातून निघालेली नळी त्यांच्या उजव्या पायाच्या तळव्यापाशी जाऊन पट्टीत शिरली होती. शकुबाईंनी समईला हात जोडले. मग वळून त्या डब्यावरच्या हिरव्या दिव्यालाही जोडले.

"आता तिला हळदीकुंकू बी लाव," हिंदुराव म्हणाले.

"लावलं असतं. पर राजेश्वरीबाई रागावत्याल."

हिंदुरावांना साखरेचा आजार जुना होता. त्याने पायांची जाणीव हळूहळू नेली होती, पण गिरणीत ते कधी पायात काही घालत नसत. दाणा म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढे चपला घालून कसं उभं राहायचं? माघ महिन्यात पोत्याची तार तळव्यात घुसली. ती तशीच घेऊन ते दिवसभर लोकांची दळणं दळत राहिले. संध्याकाळी झाडायला गेलेल्या शकुबाईंना फरशीवरच्या पिठात लाल पावलं उमटलेली दिसली. लक्ष्मीची पावलं काढावीत तशी, चक्कीपासून दारापर्यंत. त्यांनी विचारलं, हे कुणाचं? हिंदुरावांनीही इकडे तिकडे पाहिलं, आणि मग स्वतःचा पाय उचलून बघितला.

हळद भरून, कापूस बांधून पाय काही दिवस झाकला. जखम झाकून बरी होत असती तर काय हवं होतं! पाय काळवंडला, सुजला, वास येऊ लागला. मुलगा विजयसिंह एमआयडीसीत कामाला होता आणि बायकोबरोबर गावात राहत होता. त्याने एके दिवशी येऊन बघितलं आणि बापाला गाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सडलेला भाग काढला. तळव्यात मूठ मावेल एवढा खड्डा पडला. पूर्वी अशा वेळी पाय काढायलाच सांगत असत. आता हे मशीन आलं आहे, आपण पाय वाचवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले.

ते मशीन लावायला दवाखान्यातून राजेश्वरी येऊ लागली. मूळची डाळजची, लग्न होऊन बारामतीत आलेली. दवाखान्यात तिला सगळे जखमेची सिस्टर म्हणत. न भरणाऱ्या जखमांच्या घरी ती स्कूटीवरून फिरायची. पहिल्या दिवशी तिने खड्ड्याच्या आकाराचा काळा स्पंज कात्रीने कापला, तो जखमेत बसवला, वरून पारदर्शक चिकट पापुद्रा लावला, त्याला भोक पाडून नळी जोडली. बटण दाबताच स्पंज आक्रसला, जसा काही पायाने श्वास आत ओढून धरला. हे मशीन जखमेतलं घाण पाणी ओढून घेतं, तिने समजावलं. रक्त तिथवर खेचून आणतं, आतून नवं मांस वर यायला लागतं.

"मावशी, बाकी सगळं विसरलात तरी चालेल," ती म्हणाली होती, "पण हे बंद करायचं नाही. रात्रंदिवस चालू पाहिजे. बंद राहिलं तर आत स्पंज कोंडून राहतो आणि घाण तिथंच मुरते."

त्या शब्दावर शकुबाईंनी नकळत देव्हाऱ्याकडे पाहिलं. खाटेवरच्या माणसाच्या अंगाला जोडलेली वस्तू, तिच्याबद्दल तसलं बोलू नये. "न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "मी न्हाय कवा वाढवनार."

राजेश्वरी हसली. "तसं नाही हो. वाढवायची वेळ येईलच. ती मी सांगेन. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

"तुमी सांगाल तवाच," शकुबाई म्हणाल्या.

जखम ओली असताना मशीनचा जोर कमी ठेवायचा आणि पुढे हळूहळू वाढवायचा, असं डॉक्टरांनी तिला सांगितलेलं होतं. तिच्या मनात तेच होतं. शकुबाईंच्या मनात काय होतं ते त्यांनी बोलून दाखवलंच होतं. दोघींचं एकमेकींना पटलं आणि दोघींनी चहा घेतला.

फाल्गुन बरा गेला. बघायला येणाऱ्यांना हिंदुराव सांगायचे, जन्मभर मी गिरणी चालवली, आता गिरणी मला चालवतीय. हे काय आहे म्हणून शेजारच्या आप्पांनी विचारलं तर म्हणाले, "पाय दळायला टाकलाय. बारीक पायजे म्हनून येळ लागतोय." राजेश्वरी दोन-तीन दिवसांनी येऊन स्पंज बदलायची. एकदा तिने शकुबाईंना जवळ बोलावलं. त्या जखमेकडे बघायचं टाळत असत. त्या दिवशी पाहिलं तर काळ्या-पिवळ्या चिखलाच्या जागी तळाला लालभडक, ओले, बारीक कण उठलेले, डाळिंब सोलल्यासारखे.

"दाणे धरलेत, मावशी. आमच्यात असंच म्हणतात याला."

हिंदुरावांनी मान उचलली. "दाना भरला म्हना की. आगं, ऐकलंस का? पायात पीक आलंय आपल्या."

वैशाखापर्यंत होईल का, त्यांनी विचारलं. राजेश्वरीने का म्हणून विचारलं तर ते नुसतेच हसले. उत्तर शकुबाईंनी दिलं. वैशाखात नरसिंहपूरला जयंती असते. दरवर्षी नव्या खपली गव्हाचं पहिलं दळण देवाचं. हिंदुराव पहाटे आंघोळ करून, चक्की धुऊन पुसून ते दळतात, पितळी डब्यात भरतात आणि नरसिंहपूरला पुजाऱ्यांच्या घरी नेऊन देतात, नैवेद्याच्या पोळ्यांसाठी. देवाचं दळल्यावर त्या दिवशी गिरणीत दुसरा दाणा पडत नाही. वडील मेंढरं घेऊन फिरत होते तेव्हा लोकर वाहायचे. गिरणी झाल्यावर लोकरीचं पीठ झालं, नेम तोच राहिला. भीमा-नीरेच्या संगमावर हिंदुराव डबा डोक्यावर घेऊन घाट उतरतात, पाण्यात पाय बुडवतात, आणि मग देवळाच्या पायऱ्या चढतात.

"पाण्यात नाही हं बुडवायचा यंदा," राजेश्वरी म्हणाली. "पण चालत जाल. मी तुमच्यासाठी खास बूट करून घेणार आहे, आबा. मऊ तळाचा."

"देवाच्या दारी बूट?" हिंदुराव म्हणाले. पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

चैत्र लागला त्या आठवड्यात एका संध्याकाळी, शकुबाई समई लावत असतानाच मशीन ओरडायला लागलं. घोट्यापाशी पापुद्रा थोडा सुटला होता आणि तिथून हवा शिरत होती. हे शकुबाईंना कळायचं कारण नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की हिरवा दिवा पिवळा झाला आहे आणि डबा थांबून थांबून कळवळतो आहे. हिंदुरावांना दोन रात्री झोप नव्हती. त्यांनी कानावर उशी घेतली. विजयसिंह दुसऱ्या पाळीला गेलेला होता. शकुबाईंनी फोन लावला. पलीकडे अपघाताचे पेशंट आलेले असावेत, माणसांचा गलका ऐकू येत होता.

"राजेश्वरीबाई, मशीन लई वरडतीय. वाढवू का?"

"वरडतंय? हां, वाढवा मावशी. आजच वाढवायचंच होतं. सकाळी मी येऊन बघते."

आजच वाढवायचंच होतं. म्हणजे वेळ आली होती आणि सांगणारीने सांगितलं होतं. शकुबाईंना मनापासून बरं वाटलं. त्यांनी समईशी हात जोडले, मग डब्यावरचं गोल बटण दाबून धरलं. दिवा शांत झाला. घरघर थांबली. इतक्या दिवसांनी घर पूर्वीसारखं झालं.

"वाढवली का?" हिंदुरावांनी विचारलं.

"वाढवली," शकुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तवा चुलीवर ठेवला. ते भाकरी-दूध खाऊन झोपले. त्यांच्या संथ श्वासांकडे त्या बराच वेळ बघत बसल्या होत्या.

सकाळी राजेश्वरी आली ती हसतच. उंबऱ्यात पाय टाकला आणि थांबली. खोलीतला वास तिला आधी कळला. मग मशीन वाजत नसल्याचं कळलं.

"कोणी बंद केलं हे?"

"बंद न्हाय वो केली," शकुबाई म्हणाल्या. "वाढवली. तुमीच म्हनलात की."

राजेश्वरीने त्यांच्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून पलीकडच्या खोलीतल्या चक्कीकडे. आणि मग ती खाटेच्या कडेला बसली. "मावशी," ती म्हणाली, "वाढवा म्हणजे जोर वाढवा, हो."

शकुबाईंच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला, अगदी हळू, बशीचा आवाज होऊ न देता.

त्या दिवशी दवाखान्यात स्पंज काढला तेव्हा लाल दाणे करडे पडले होते आणि ताप चढला होता. डॉक्टरांनी पुन्हा जखम साफ केली, औषधं बदलली. दोन दिवसांनी घोट्याच्या वर कापावं लागलं. मशीन बंद राहिलं नसतं तर पाय वाचला असता का, असं विजयसिंहाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. पायाकडे रक्त आधीच कमी जात होतं. कदाचित वाचला असता, कदाचित नसता. हे 'कदाचित' शकुबाईंनी पदराच्या गाठीला बांधल्यासारखं घरी आणलं, आणि ते नंतर कधी सुटलं नाही.

काढलेल्या पायाचं काय करायचं, असं नातेवाइकांना विचारलं गेलं. विजयसिंह उठून बाहेर गेला. हिंदुराव शुद्धीवर होते. म्हणाले, "पाय म्होरं निघाला. मी मागनं येतोय म्हनावं." शकुबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला, सासूबाईंनी ठेवला होता तसाच.

हिंदुरावांनी तो हात बाजूला केला आणि आपल्या हातात धरून ठेवला. तुझ्यामुळे झालं असं ते एकदाही म्हणाले नाहीत. उलट, त्या रात्रीसारखी झोप आपल्याला फार वर्षांत लागली नव्हती, असं म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पीठ तेवढं पोचव. यंदाचं चुकाय नगं."

"पोचवीन."

"तूच दळ. इजूला सांगू नगं, त्येला जाड बारीक कळत न्हाय."

"मीच दळीन," शकुबाई म्हणाल्या.

नंतर मूत्रपिंडं थकली. चैत्र सरायच्या आत हिंदुराव गेले.

अंगण माणसांनी भरलं तेव्हा नणंद सरुबाई पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आल्या. त्यांच्याही डोळ्यांना धार होती. त्यांनी शकुबाईंचं मनगट धरलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "वैनी, वाढवायच्यात."

शकुबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं असं त्यांचं तोंड झालं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

त्या दिवसापासून त्यांनी समई कधी हाताने शांत केली नाही. तेल संपून ती आपली आपण निवेपर्यंत त्या समोर बसून राहत.

तेरावं झाल्यावर विजयसिंह त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. त्याने तक्रार दिली होती. सिस्टरने फोनवर मशीन बंद करायला सांगितलं, आणि त्यातून आबा गेले, असं त्याचं म्हणणं होतं. आईच्या बोलण्यातून त्याच्या हाती तेवढंच लागलं होतं आणि बापाच्या दुःखाला टेकायला त्याला काहीतरी हवं होतं. डॉक्टरांच्या खोलीत राजेश्वरी भिंतीशी उभी होती. ती वाळली होती. घरोघरी जायचं तिचं काम तूर्त काढून घेतलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं. मावशींनी 'वाढवू का' विचारलं, मी 'वाढवा' म्हटलं, काय वाढवायचं ते नीट विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं.

"म्हणजे सांगितलं," विजयसिंह म्हणाला. "आई, तूच सांग यांना. काय म्हणाल्या या?"

सगळे शकुबाईंकडे बघू लागले. शकुबाई बघत होत्या राजेश्वरीच्या हातांकडे. त्या हातांनी कात्रीने स्पंज कापला होता, त्यांना जवळ बोलावून डाळिंबाचे दाणे दाखवले होते. इथे 'वाढवली' म्हटलं की तो शब्द या पोरीच्या अंगावर पडणार होता, जन्मभरासाठी. शब्द तर त्यांच्या घरचा होता. सासूबाईंनी दिलेला, त्यांनी नेमाने सांभाळलेला. दुसऱ्याच्या दारात कसा टाकायचा?

"मशीन मी बंद केली," त्या म्हणाल्या.

विजयसिंहाने चमकून मान वळवली. त्याने आईच्या तोंडून हा शब्द जन्मात ऐकला नव्हता.

"ह्या पहिल्या दिशीच सांगत हुत्या, बंद करायची न्हाय. मीच बंद केली." यात खोटं काही नव्हतं. जे केलं होतं तेच त्या सांगत होत्या, नुसता शब्द बदलून.

खाली जिन्यापाशी राजेश्वरीने त्यांना गाठलं. शकुबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

"पुन्यांदा कुनाच्या घरी मशीन लावशील ना पोरी, तवा आदी इचारून घे. म्हनावं, तुमच्यात दिवा घालवताना काय म्हनत्यात."

विजयसिंह पुढे गाडीपाशी जाऊन उभा राहिला होता. घरी आल्यावर तो म्हणाला, गिरणीची मोटार काढून ठेवू या का? त्या म्हणाल्या, वैशाख जाऊ दे.

वर्षाच्या आत देवाला जाऊ नये, असं सरुबाईंनी निरोप धाडून कळवलं. देवाला जात नाही, पायरीवर डबा ठेवून येते, असा उलटा निरोप शकुबाईंनी दिला.

जयंतीच्या पहाटे त्यांनी आंघोळ केली, चक्की धुऊन पुसून घेतली. खपली आदल्या दिवशीच निवडून ठेवली होती. उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि अनवाणी गिरणीत शिरताना फरशीवर क्षणभर खाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती. बटण दाबल्यावर मोटार आधी कुरकुरली, मग तिने सूर धरला, आणि सगळ्या घरात ती जुनी घरघर भरून गेली. पहिली चिमूट त्यांनी अंगठ्याने तर्जनीवर चोळून पाहिली. जाड होती. त्यांनी चक्की थोडी आवळली. दुसरी चिमूट चोळली. ती बारीक लागली.

डबा भरल्यावर त्यांनी मोटारीच्या बटणावर बोट ठेवलं. चक्की हळूहळू मंदावत गेली, दगडाचा शेवटचा वळसा घेऊन थांबली. आत जायच्या दारात कोणीतरी ऐकायला उभं असावं तशा शकुबाई तिकडे बघत राहिल्या.

रस्त्यावरून शेजारची रेश्मा गव्हाचा डबा कमरेवर घेऊन येत होती. एवढ्या दिवसांनी गिरणीचा आवाज ऐकून ती लगबगीने आली होती. "काकू, वाढवली का हो? माझं एवढं दळण—"

शकुबाईंनी चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर पितळी डबा चढवला, एका हाताने धरला.

"उद्या ये बाई," त्या म्हणाल्या. "उद्या चालू हाय."

इंदापूरला गाडी बदलायची होती, तिथून नरसिंहपूर. उन्हं अजून चढली नव्हती. स्टँडच्या रस्त्याने त्या सावकाश निघाल्या. ताजं पीठ डब्यातून डोक्याला ऊन लागत होतं, जिवंत माणसाच्या तळव्यासारखं.